सायकल २१ किलोच भरते, मग जादा पैसे कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्यांदाच ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) विमानाने सायकल न्यायची आहे. तिकिटावर २३ किलोची एक बॅग लिहिली आहे आणि सायकल हार्ड केससकट २१ किलो भरते. तरी ओळखीतले सगळे सांगतात की काउंटरवर जादा पैसे मोजावे लागतील. हे खरं आहे का, आणि टाळता येतं का? शिवाय पत्नीची गोल्फची बॅगही सोबत आहे. तिलाही हेच नियम लागतात का?

ओळखीतले खरं सांगताहेत, पैसे पडू शकतात. आणि टाळता येणं न येणं हे काउंटरवर पोचण्याच्या कितीतरी आधी, तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं. गेली अठरा वर्षं मी संघांबरोबर सामानाची जबाबदारी घेऊन प्रवास करतो आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही तुमच्यासारखाच घरी वजनकाटा घेऊन बसायचो आणि किलो जुळले की निश्चिंत व्हायचो. मग हळूहळू कळलं की खेळाच्या सामानाला विमानात खरी अडचण वजनाची कमी आणि जागेची जास्त असते. एकदा हे लक्षात आलं की नियमांमधल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

आधी मापाचं बघू. साध्या चेक-इन बॅगेसाठी बहुतेक मोठ्या कंपन्यांची मर्यादा असते लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर. सायकलची केस साधारण १३० सेंटिमीटर लांब, ८० उंच आणि ३० रुंद धरली तर बेरीज होते २४०. म्हणजे तुमचे २१ किलो २३ च्या आत असले तरी ही बॅग मापात बसतच नाही. गोल्फच्या बॅगेचंही तेच: १२५ अधिक ३५ अधिक ३० म्हणजे १९०. क्रिकेटची मोठी किट बॅगसुद्धा बऱ्याचदा यात अडकते. नियमाप्रमाणे बॅट ९६.५ सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते, ती आडवी मावेल अशी बॅग घेतली आणि तिची रुंदी-उंची ३५ च्या आसपास गेली की १५८ ओलांडलेच.

म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर सामानाचं सर्वसाधारण पान वाचून थांबू नका. खेळाच्या सामानाचं वेगळं पान असतं, ते शोधा. तिथे तुमच्या वस्तूचं नाव घेऊन काय लिहिलंय ते बघा, कारण सायकल, गोल्फ, स्की, सर्फबोर्ड यांना अनेकदा वेगवेगळे नियम असतात. ढोबळमानाने कंपन्या तीन पद्धतीने वागतात. काही कंपन्या खेळाचं सामान तुमच्या मोफत मर्यादेतच धरतात आणि मोठ्या मापाचे पैसे माफ करतात. अमेरिकन एअरलाइन्स आणि डेल्टा यांनी २०१९ मध्ये बऱ्याच खेळसाहित्यावरचं मोठ्या मापाचं शुल्क काढून टाकलं ते असंच. वजनाची मर्यादा मात्र राहिली. दुसऱ्या पद्धतीत वस्तूला ठरावीक शुल्क असतं. तिकिटात बॅग असो वा नसो, सायकलचे एवढे, स्कीचे एवढे. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांमध्ये हीच पद्धत जास्त दिसते, आणि हे शुल्क प्रत्येक उड्डाणाला, प्रत्येक दिशेला वेगळं लागतं हे लोक विसरतात. तिसरी पद्धत सर्वांत महाग: खेळाच्या सामानाला काहीच सवलत नाही. तिथे एक नग जादा असेल तर त्याचे पैसे, त्यात माप मोठं असेल तर त्याचे, आणि वर २३ च्या पुढे गेला असाल तर जड बॅगेचेही. हे तिन्ही एकाच बॅगेवर लागू शकतात. काउंटरवर माणूस हतबल झालेला मी पाहिला आहे तो बहुधा याच बेरजेमुळे. त्याने घरी फक्त एकाच शुल्काचा हिशेब केलेला असतो.

तुमच्या तिकिटावर 'एक नग, २३ किलो' आहे की नुसतं '२३ किलो' आहे हेही नीट वाचा. नगांच्या पद्धतीत तुम्हाला एक बॅग मिळते, सायकल दिली की ती संपली, कपड्यांची बॅग दुसरा नग झाली. नुसत्या किलोंच्या पद्धतीत एकूण वजन मोजतात, बॅगा दोन केल्या तरी चालतात, पण २१ किलो सायकलमध्ये गेले की तुमच्या कपड्यांना दोन किलो उरतात. वरच्या प्रत्येक किलोला दर लागतो आणि तो विमानतळावर भरला तर आधी भरण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी बराच जास्त असतो.

आता वजन. २३ ही भाड्याची मर्यादा आहे, ३२ ही माणसाच्या पाठीची. बॅगा विमानात चढवणारा लोडर त्या हाताने उचलतो, अनेकदा विमानाच्या पोटातल्या कमी उंचीच्या जागेत गुडघ्यांवर बसून. त्याच्या सुरक्षेसाठी एका नगाला ३२ किलोची सीमा जवळजवळ सगळीकडे पाळतात. २३ ते ३२ च्या मध्ये असाल तर पैसे देऊन सुटता येतं. ३२ च्या वर पैसे द्यायची तयारी असली तरी बॅग घेत नाहीत, तिथेच उघडून सामान वेगळं करायला लावतात.

सायकलच्या वजनात सगळा खेळ केसचा असतो. रस्त्यावरची शर्यतीची सायकल ७ ते ९ किलोची (सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेची, म्हणजे यूसीआयची, किमान मर्यादाच ६.८ किलो आहे). हार्ड केस मात्र १० ते १३ किलोची. म्हणजे सायकलपेक्षा तिचं घर जड. मऊ, आतून गादी लावलेली बॅग घेतली तर तीन-चार किलो सहज वाचतात. सायकलच्या दुकानात नव्या सायकली ज्यातून येतात तो पुठ्ठ्याचा खोका याहून हलका असतो, पण तो पावसात भिजला की परतीला उपयोगाचा राहत नाही. तुमच्या बाबतीत, पहिलीच शर्यत आणि महागडी सायकल असेल तर मी हार्ड केसच ठेवा म्हणेन. २१ किलोंवर समाधान माना आणि त्यात आणखी काही कोंबू नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण दोन किलो उरले म्हणून लोक केसमध्ये बूट, कपडे, गोळ्यांचे डबे भरतात. कित्येक कंपन्यांच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं असतं की खेळाच्या सामानाची सवलत फक्त त्या खेळाचं साहित्य आत असेल तरच मिळते. उघडायला लावलं आणि आत टी-शर्ट निघाले, तर ती साधी बॅग ठरते, साध्या बॅगेला मापाची सूट नसते, आणि मघाची बेरीज पुन्हा सुरू होते.

गोल्फच्या बॅगेला साधारण हाच विचार लावा. १४ क्लब (म्हणजे गोल्फच्या काठ्या) आणि बॅग मिळून १२ ते १५ किलो होतात, त्यामुळे वजनाचा प्रश्न सहसा येत नाही. येतो तो क्लबची डोकी तुटण्याचा. सर्वांत लांब क्लबपेक्षा दोन बोटं उंच अशी आधाराची काठी बॅगेत उभी ठेवली की वरून येणारा मार ती काठी झेलते. ड्रायव्हर नावाच्या लांब क्लबचं डोकं निघत असेल तर काढून कपड्याच्या बॅगेत ठेवा. पत्नीचं तिकीट वेगळ्या नगाचं असेल तर गोल्फ तिच्या नावावर, सायकल तुमच्या नावावर, आणि कपडे दोघांचे एकाच जादा बॅगेत, ही मांडणी बहुधा सर्वांत स्वस्त पडते. स्कीच्या बाबतीत अनेक कंपन्या स्कीची बॅग आणि बुटांची बॅग मिळून एकच नग धरतात. सर्फबोर्डला लांबीची मर्यादा असते, आणि एका बॅगेत दोन बोर्ड घातले तर काही ठिकाणी दोघांचे वेगळे पैसे घेतात.

जागेबद्दल मी सुरुवातीला म्हटलं ते इथे पुढे न्यायला हवं, कारण माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि हीच कोणी विचारत नाही: तुमच्या प्रवासात विमान कोणतं आहे? लांब पल्ल्याच्या रुंद विमानात सामान कंटेनरमध्ये भरलं जातं, तिथे एक-दोन सायकली कुठेही मावतात. बोइंग ७३७ सारख्या विमानात कंटेनर नसतात, बॅगा सुट्या रचतात, आणि पोटाचं दारही मोठं नसतं. शेवटच्या टप्प्यावरचं पंख्याचं छोटं विमान असेल तर जागा आणखी कमी. त्यामुळेच अनेक कंपन्या एका उड्डाणात ठरावीक संख्येच्याच सायकली घेतात. ज्या गावी शर्यत आहे तिथे त्या आठवड्यात जाणाऱ्या विमानात तुमच्यासारखे वीस जण असतात, हे ध्यानात घ्या.

माझ्यावर हे एकदा गुदरलं आहे. तीन खेळाडू, तीन केस, सगळ्यांचे पैसे भरलेले. मोठ्या विमानाने व्यवस्थित आलो, शेवटचा तासाभराचा टप्पा छोट्या विमानाचा होता. आम्ही उतरलो, पट्टा फिरून थांबला, दोन केस आल्या आणि तिसरी नाही. विमानात जागा नव्हती म्हणून ती मागे ठेवली होती. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही उड्डाणांनाही तेच झालं. शर्यत तिसऱ्या दिवशी सकाळी होती. त्या मुलीने वर्षभर पहाटे चारला उठून सराव केला होता, आणि ती शर्यतीच्या कडेला उभी राहून इतर दोघांना पाणी देत होती. तेव्हापासून माझा नियम आहे: शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा असेल तर तो रस्त्याने किंवा रेल्वेने करायचा. आणि तसं जमत नसेल तर शर्यतीच्या किमान तीन दिवस आधी पोचायचं.

त्यामुळे तिकीट काढण्याचा क्रमच बदला. आधी दोन-तीन कंपन्यांचं भाडं अधिक जाता-येताचं सायकलचं शुल्क अशी बेरीज करा. स्वस्त दिसणारं तिकीट इथे बऱ्याचदा मागे पडतं. मग शक्य तितकं थेट उड्डाण निवडा. जोडउड्डाण घ्यावंच लागलं तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर मध्ये सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि शुल्कही दोनदा. एकाच तिकिटावर दोन कंपन्या असल्या तर कोणाचे नियम चालणार हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. तरीही प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीला सायकल चालते का ते वेगळं विचारा, कारण शुल्क एकीचं असलं तरी पोटातली जागा दुसरीची आहे.

तिकीट हातात आल्यावर त्याच दिवशी कंपनीला कळवून सायकलची नोंद करून घ्या. नोंदीत केसची मापं आणि वजन सांगा, ती पीएनआरमध्ये चढली का ते विचारा आणि लेखी पुष्टी मागा. फोनवरचं 'हो, चालेल' काउंटरवर कामाला येत नाही. पुष्टीचा ईमेल आणि नियमाच्या पानाची छापील प्रत मी नेहमी पासपोर्टबरोबर ठेवतो. काउंटरवरची व्यक्ती रोज शेकडो साध्या बॅगा घेते, सायकल तिच्याकडे क्वचित येते. नियम तिच्या लक्षात नसेल तर शांतपणे कागद पुढे करावा. वाद घालून काही मिळालेलं मला आठवत नाही, कागद दाखवून मात्र अनेकदा मिळालं आहे. मोठ्या मापाचं सामान वेगळ्या पट्ट्यावर नेऊन द्यावं लागतं आणि तिथे पुन्हा तपासणी होते, म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

पॅकिंगमधल्या काही गोष्टी पैशांशी जोडलेल्या नाहीत, पण त्यांनी सामान विमानतळावरच अडकतं. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कुप्या, ज्या पंक्चर झाल्यावर चाक फुगवायला आपण वापरतो, त्या आंतरराष्ट्रीय नियमात कंपनीच्या परवानगीने ५० मिलिलिटरपर्यंतच्या चार नेता येतात. प्रत्यक्षात सुरक्षा तपासणीत त्या बऱ्याचदा काढून घेतात. तिथे पोचून विकत घ्या, प्रवासात हातपंप ठेवा. इलेक्ट्रॉनिक गिअरची सुटी होणारी बॅटरी काढून केबिनमध्ये न्या, नाहीतर हलण्याने गिअरची यंत्रणा जागी होत राहते आणि पोचेपर्यंत बॅटरी संपते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये कधीच नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये चालतात, १०० ते १६० पर्यंत परवानगीने दोन. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी बहुतेक वेळा १६० च्या बरीच वर असते, आणि तशी बॅटरी प्रवाशाच्या सामानात जाऊच शकत नाही. पाणबुड्यांचं सिलिंडर रिकामं आणि झडप काढलेलं हवं. नेमबाजांना काडतुसं कंपनीच्या परवानगीने माणशी ५ किलोपर्यंत, चेक-इनमध्येच.

टायरची हवा काढायला सांगतात, त्याबद्दलही विचारणा होते. सामानाच्या कप्प्यातला दाब प्रवाशांच्या कक्षाएवढाच असतो, म्हणजे फार तर २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरतो. हा फरक चार पीएसआयच्या आतला आहे. ८० पीएसआयचा टायर त्यामुळे ८४ च्या आतच राहील, फुटणार नाही. तरी नियम आहे म्हणून हवा कमी करा, पण पूर्ण काढू नका. थोडी हवा असली की रिमला मार बसत नाही, आणि ट्यूबलेस टायर असेल तर त्याची कड सुटून आतलं पंक्चर बुजवणारं द्रव्य केसभर पसरत नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) उघडून चौकटीच्या आतल्या बाजूला बांधा, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चकती घाला, चौकटीच्या जिथे चाकं काढली तिथे आडवा तुकडा बसवा. सायकल मोडते ती बहुतेक आडवा दाब आल्यामुळे.

'मग कार्गोने पाठवू का?' असं पुढचं वाक्य असतं. एकट्या सायकलसाठी नको. हवाई मालवाहतुकीत खऱ्या वजनाऐवजी घनफळाचं वजन धरतात, जे जास्त असेल ते. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून सेंटिमीटरमध्ये ६,००० ने भागायचं. तुमची केस १३० गुणिले ८० गुणिले ३० म्हणजे ५२ किलो होते. कुरिअरवाले बहुतेक ५,००० ने भागतात, तिथे ६२ किलोंच्या वर. २१ किलोंच्या सायकलला ६२ किलोंचं भाडं. संघाचं पेटाऱ्यांनी सामान असेल तर कार्गो परवडतो, कारण तिथे पेट्या खरोखर जड असतात.

भाड्याने घेण्याचा विचार मात्र जरूर करा. गोल्फ आणि स्की यांना तो बऱ्याचदा शहाणपणाचा असतो. स्कीचे बूट तेवढे स्वतःचे न्या. मैदानी खेळात मोठ्या स्पर्धांचे आयोजक भाला, गोळा, थाळी पुरवतातच, आधी विचारून घ्या, ७.२६ किलोचा गोळा उगीच वाहू नका. ट्रायथलॉनला मी स्वतःचीच सायकल न्या म्हणेन, कारण बसण्याची मापं महिनोन्‌महिने जुळवलेली असतात. भाड्याच्या सायकलवर निदान स्वतःची पेडल आणि सीट बसवता येते, पण मनासारखं होत नाही.

आणि मोडलं किंवा हरवलं तर? बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्याप्रमाणे कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे, बॅगेमागे नव्हे, १,५१९ एसडीआरपर्यंत आहे (२८ डिसेंबर २०२४ पासून, आधी १,२८८ होती). एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, एकूण रक्कम साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. चांगली कार्बनची सायकल याच्या कितीतरी पट असते. चेक-इनच्या वेळी जास्त किमतीचं विशेष घोषणापत्र देऊन जादा शुल्क भरता येतं, पण ते काउंटरवर मागावं लागतं, आपणहून कोणी सुचवत नाही. मी त्यापेक्षा सायकलचा वेगळा विमा काढतो आणि त्यात विमानप्रवासातलं नुकसान धरलंय का हे वाचून घेतो. साध्या प्रवास विम्यात एका वस्तूची मर्यादा छोटी असते.

काउंटरवर कधी 'नाजूक वस्तू, जबाबदारी नाही' अशा पट्टीवर सही घेतात. सही करा, नाहीतर सामान जाणार नाही. पण ती सही म्हणजे सगळा हक्क गेला असं समजू नका. करारापेक्षा कमी जबाबदारी ठरवणारी अट त्याच करारातल्या २६ व्या कलमाने बाद ठरते. कंपनी असं म्हणू शकते की वस्तूतच दोष होता. म्हणून केस बंद करण्याआधी आतून चार बाजूंनी फोटो काढा, आणि पोचल्यावर पट्ट्याजवळच, बाहेर पडण्याआधी, केस उघडून चौकट, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि डिरेलरचा अडकवण्याचा भाग बघा. काही दिसलं तर तिथल्या तिथे पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा नोंद क्रमांक घ्या. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. हॉटेलवर जाऊन निवांत उघडू म्हणून थांबलेल्यांना नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

परतीचं नियोजन जातानाच करून ठेवा. ओला वेटसूट (पोहण्याचा रबरी पोशाख), चिखलाचे बूट, स्पर्धेत मिळालेली पिशवी, पदक, सगळं मिळून दोन-तीन किलो वाढतात, आणि नेमकं तेच केसमध्ये ढकललं जातं. लटकवायचा छोटा डिजिटल काटा बरोबर न्या. आदल्या रात्री वेटसूट पिळून पंख्याखाली वाळत घाला. केसवरच्या जुन्या पट्ट्या आणि बारकोड सोलून टाका, नाहीतर छाननीचं यंत्र ते वाचून तुमची सायकल पुन्हा तिथेच पाठवू शकतं.